काढा, फांट आणि हिम : वनस्पतींच्या चहाची योग्य रीत

थंडी पडू लागली आणि नर्मदेवरचे धुके ग्वारीघाटाकडून शहरात शिरू लागले, की जबलपूरच्या मराठी घरांतून आले, तुळस, मिरे, दालचिनी, गवती चहा, ज्येष्ठमध आणि हाती लागेल ते ते एकाच पातेल्यात टाकून अर्धा-पाऊण तास खदखदा उकळण्याचा परिपाठ सुरू होतो. आणि एवढा खटाटोप करूनही गुण का येत नाही, किंवा उलट छातीत जळजळ का होते, अशी पृच्छा करणारी पत्रेही याच सुमारास येऊ लागतात. या सर्व वाचकांना माझे उत्तर एकच आहे : दोष बहुधा वनस्पतीचा नसतो, कृतीचा असतो. पान, बी, साल आणि मूळ यांची घडण भिन्न असल्यामुळे त्यांवरील अग्निसंस्कारही भिन्न हवा, आणि नेमके हेच आपण विसरलो आहोत.

आपल्या पूर्वाचार्यांना हे पूर्णपणे अवगत होते. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कषायकल्पना चरकसंहितेत सांगितल्या आहेत, आणि शार्ङ्गधराने आपल्या संहितेच्या मध्यम खंडात त्यांची मापे एखाद्या दक्ष फडणिसाने दप्तर राखावे तितक्या काटेकोरपणे नोंदवून ठेवली आहेत. औषध भरडून त्यावर चौपट उकळते पाणी ओतावे आणि गाळून घ्यावे, हा फांट. सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे, हा हिम. आणि सोळापट पाण्यात मंदाग्नीवर उकळून अष्टमांश उरवावे, हा क्वाथ, म्हणजेच आपला काढा. ही मापे औषधी मात्रेची आहेत. नित्याच्या पेयासाठी त्याहून पातळ द्रव पुरेसा होतो, परंतु कोणत्या द्रव्याला कोणती रीत, हा विवेक मात्र सोडता येत नाही.

गवती चहाचेच उदाहरण घेऊ. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे रेल्वे, तोफगाडीचा कारखाना व सरकारी कचेऱ्या यांच्या चाकरीनिमित्त जी मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली, त्यांच्या परसात याचा एखादा ठोंब हमखास आढळतो; बाजारात तो ‘हरी चाय’ म्हणून मिळतो. याचा सारा गुण त्याच्या सुगंधी, उडनशील तेलात असतो, आणि ज्या सुवासाने स्वयंपाकघर भरून गेले म्हणून आपण संतोष मानतो, तो सुवास पेल्यातून निसटून गेलेला असतो. म्हणून दोन-तीन पाती स्वच्छ धुऊन कात्रीने बारीक कातरावीत, पाणी वेगळे उकळून विस्तवावरून उतरवावे, पाती त्यात टाकून लगेच घट्ट झाकण ठेवावे आणि सहा-सात मिनिटे भांड्याला हात लावू नये. झाकण उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस वाफेचे थेंब जमलेले दिसतील. ते सांडू न देता परत भांड्यात झटकावेत, कारण त्या थेंबांतही ते तेल असते. तुळशीच्या सात-आठ पानांची, पुदिन्याची आणि किंचित ठेचलेल्या वेलदोड्याची व्यवस्था हीच. दूध घालायचे असल्यास ते शेवटी, वेगळे तापवून घालावे.

याउलट सुंठ, ज्येष्ठमध, गुळवेलीचे कांड, दालचिनी अशा कठीण द्रव्यांतील सार नुसत्या गरम पाण्याच्या स्पर्शाने सुटत नाही. ती खलबत्त्यात भरड करावीत, वस्त्रगाळ पूड करू नये, कारण पुडीचा तळाशी गाळ बसतो आणि काढा गढूळ होतो. अर्धा तास पाण्यात भिजवून मग मंद आचेवर, झाकण न ठेवता आटवावीत. तुळस आणि सुंठ एकत्रच हवी असतील, तर आधी सुंठ उकळावी आणि भांडे उतरवल्यावर तुळस टाकून झाकावे. एवढ्या साध्या क्रमाने दोहोंचा गुण राखला जातो.

अर्जुनसालीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागात तिचा वापर फार आणि तिच्याविषयीच्या समजुती त्याहून फार. नदीनाल्यांच्या काठी वाढणारा हा उंच वृक्ष, ज्याला आपण अर्जुनसादडा म्हणतो व इकडचे गावकरी कोहा म्हणतात, त्याची साल बाहेरून गुळगुळीत, करडी आणि आतून तांबूस असते व चवीला अत्यंत तुरट लागते. तिचा क्षीरपाक करण्याचा जुना प्रघात उत्तम आहे : 5 ग्रॅम भरड, 40 मिलिलिटर दूध आणि 160 मिलिलिटर पाणी एकत्र करून सर्व पाणी आटेपर्यंत, म्हणजे दुधाएवढे शिल्लक राहीपर्यंत, मंद आचेवर ठेवावे. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे; लोखंडी कढईत तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होऊन पेय काळे पडते. परंतु हृदयविकाराच्या रुग्णाने या पेयाच्या भरवशावर डॉक्टरांची औषधे परभारे बंद करणे, ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला, तर चूल पेटवू नका. विनाविलंब रुग्णालय गाठा. सालीबाबत आणखी एक विनंती अशी, की ओळखीच्या कोणाकडून ती उतरवून घेत असाल, तर खोडाच्या संपूर्ण घेराची साल कधीही काढू देऊ नये. तसे केल्यास झाड वाळते.

उन्हाळ्यासाठी हिमासारखी सोय नाही. दोन चमचे धने ठेचून पेलाभर पाण्यात रात्री झाकून ठेवावेत आणि सकाळी गाळून थोडी खडीसाखर घालून प्यावे. मे महिन्यातल्या तलखीत, पोटात आग पडल्यासारखी वाटत असताना, याने पुष्कळ आराम पडतो. मधुमेह्यांनी अर्थातच साखर वर्ज्य करावी.

आता मर्यादेविषयी. 2020 च्या साथीत आयुष मंत्रालयाने जो क्वाथ सुचवला, त्याचे प्रमाण तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरे 1 असे होते, आणि मात्रा दीडशे मिलिलिटर पाण्यात अवघी 3 ग्रॅम, दिवसातून एक-दोन वेळा. लोकांनी मात्र मिऱ्यांची मूठ आणि दिवसभर पेल्यांची रांग लावली, त्यामुळे अम्लपित्त, तोंड येणे आणि मूळव्याधीचा दाह यांच्या तक्रारी घेऊन घरोघरची माणसे दवाखान्यांत आली. त्याच काळात गुळवेलीच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली; मंत्रालयाने त्यावर, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा आक्षेप घेतला. वाद कसाही मिटो, यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि संधिवातासारख्या विकारांवर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांनी गुळवेल स्वतःच्या मर्जीने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून निरुपद्रवी समजला जातो. परंतु तो नित्य व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब चढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते, सबब रक्तदाबाच्या रुग्णांनी व गर्भवतींनी तो टाळावा. बाजारातील स्वस्त दालचिनी बहुधा जाड सालीची तज असते, तीही रोज मुठीने घेण्याजोगी नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सुंठ-आल्याचे काढे विचारल्यावाचून घेऊ नयेत. आणि एक वर्षाच्या आतील बालकाला कोणत्याही काढ्यातून मध चाटवू नये.

कोणताही काढा सलग दोन आठवड्यांपलीकडे घेण्याची आवश्यकता वाटली, तर ती काढ्याची नव्हे, तपासणीची आवश्यकता समजावी. आणि दवाखान्यात याल तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर पंसाऱ्याकडून आणलेल्या त्या पुड्याही सोबत घेऊन या. आम्ही विचारले नाही, तरी पुढे ठेवा.