सौम्य तेजाबाचें भय

कांचेच्या पेल्यावर आपलें नांव कोरावें अशी हौस पुष्कळांस असते. तेजाबांत भरपूर पाणी मिसळलें म्हणजे तें निर्धोक होतें, असा समजही सर्वत्र आढळतो. कांच कोरणाऱ्या तेजाबाच्या बाबतींत हा समज प्राणघातक आहे.

मिठाचें, सोऱ्याचें व गंधकाचें तेजाब कांचेच्या बाटलींत ठेवितात, कारण तीं कांचेस खात नाहींत. कांच खाणारें तेजाब निराळें; त्याचें नांव हायड्रोफ्लुओरिक. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शीले यांनीं १७७१ सालीं त्याचा अभ्यास केला, तेव्हां त्यांचें कांचेचें पात्रच झिजलें. कांचेंतील सिलिकनशीं फ्लुओरिनचा संयोग होऊन वायु निघून जातो व खांच उरते.

आतां पाणी मिसळल्यानें काय होतें तें पाहा. तीव्र तेजाब अंगावर पडतांच आग होते व मनुष्य सावध होतो. शेंकडा वीसांहून कमी प्रमाणाचें असल्यास कधीं कधीं चोवीस तासांपर्यंत वेदनाच होत नाहींत. तोंवर तें कातडींतून आंत शिरून रक्तांतील व हाडांतील कॅल्शियम बांधून टाकितें. हृदयाचे ठोके कॅल्शियमवर अवलंबून असल्यानें तें बंदही पडूं शकतें. सारांश, पाण्यानें इशारा नाहींसा होतो, विष नव्हे.

अंबरनाथ व बदलापूर येथें रसायनांचे कारखाने आहेत. तेथून कोणी ‘थोडेंसें’ तेजाब घरीं आणूं म्हणेल, तर त्यास परावृत्त करा. उरलेलें मोरींत ओतणेंही अयोग्य. नोव्हेंबर २०१४ मध्यें वालधुनी नदींत टाकलेल्या रसायनामुळें उल्हासनगरांत विषारी वायु पसरून शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. नदीच्या पाण्यानेंही तें निर्धोक झालें नाहीं!

हें तेजाब अंगावर पडल्यास वेदनेची वाट पाहूं नये. कपडे उतरवून वाहत्या पाण्याखालीं तो भाग तत्काळ धुवावा, रुग्णालयांत जावें व तेजाबाचें नांव अवश्य सांगावें. कारण त्यावरील कॅल्शियम ग्लुकोनेटचें मलम इतर भाजण्यावर वापरीत नाहींत.

हौस मात्र सोडूं नका. कांचेवर चिकटपट्टीचा साचा लावा, कार्बोरंडमची पूड पाण्यांत कालवा आणि कांचेच्या लहान तुकड्यानें सावकाश घासा. तुकड्याच्या कडा आधीं बोथट करून घ्या, व पूड ओलीच ठेवा, म्हणजे धूळ श्वासांत जाणार नाहीं. साचा काढल्यावर धुरकट अक्षरें उठून दिसतील. वेळ अधिक लागेल, पण हात शाबूत राहतील.