लोकसभेची उमेदवारी : स्थानिक नागरिकाचा हक्क आणि जबाबदारी

लोकसभेची निवडणूक ही केवळ मोठ्या पक्षांची बाब आहे, असा समज ग्रामीण भागात सर्वत्र आढळतो. कायद्याची भूमिका मात्र तशी नाही. उमेदवार होण्यासाठी पक्षाचे तिकीट असावे, अशी अट राज्यघटनेत कोठेही नाही. १९५७ च्या निवडणुकीत ४२ अपक्ष लोकसभेवर निवडून आले होते. २०२४ मध्ये ही संख्या ७ होती व त्यांत सांगली मतदारसंघाचा समावेश होता. वाट अरुंद झाली असली तरी ती बंद झालेली नाही. मात्र कित्येक उमेदवारांचा प्रवास मतदानापूर्वीच, कागदपत्रांतील उणिवांमुळे संपतो. म्हणून या प्रक्रियेची माहिती गावातील जाणत्या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

पात्रता

उमेदवार भारताचा नागरिक असावा व त्याचे वय २५ वर्षांपेक्षा कमी नसावे. त्याचे नाव देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत असले म्हणजे पुरे. ज्या मतदारसंघातून निवडणूक लढवावयाची तेथील तो रहिवासी असलाच पाहिजे, असे बंधन नाही. मात्र नाव अन्य मतदारसंघात असल्यास त्या यादीची प्रमाणित प्रत सादर करावी लागते. शासनाच्या अखत्यारीतील लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती, कायद्याने सूट दिलेली पदे वगळता, अपात्र ठरते.

दहा सूचकांचे महत्त्व

उमेदवार बाहेरचा चालत असला तरी त्याचे नाव सुचविणारे मतदार त्याच मतदारसंघातील असावे लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. अपक्षास दहा लागतात. स्थानिक पाठिंब्याची पहिली कसोटी कायद्याने येथे ठेवली आहे.

महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. त्यांच्या सीमा तालुक्यांच्या सीमांशी नेहमीच जुळतात असे नाही. त्यामुळे शेजारच्या गावचा परिचित मनुष्य वेगळ्या मतदारसंघाचा मतदार असू शकतो. प्रत्येक सूचकाचा यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक मूळ यादीवरून पडताळून घेणे इष्ट. ज्यास सही करता येत नाही अशा सूचकाने आपला अंगठा निवडणूक निर्णय अधिकारी किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या समक्ष उमटवावयाचा असतो. घरी उमटवून आणलेला अंगठा चालत नाही. गावातील वडीलधाऱ्या मंडळींना सूचक करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

नियम कडक का झाले?

१९९६ च्या निवडणुकीत आंध्र प्रदेशातील नलगोंडा येथे ४८० उमेदवार उभे राहिले. फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे, हा त्यामागील उद्देश होता. बेळगाव येथे सीमाप्रश्नावरून ४५६ उमेदवार रिंगणात होते. देशभरातील उमेदवारांची संख्या त्या वेळी १३,९५२ झाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन दहा सूचकांची अट आली आणि अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये झाली. १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. २०१० पासून ही अनामत २५,००० रुपये आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी १२,५०० रुपये. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ही रक्कम जप्त होते.

तरीही उमेदवारीचा हा उपयोग थांबला नाही. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबाद येथे १८५ उमेदवार होते व त्यांत बहुसंख्य शेतकरी होते. हळदीचा भाव हा त्यांचा प्रमुख प्रश्न होता.

छाननीची वेळ

अधिसूचनेनंतर नामनिर्देशनपत्र सादर करण्यास सुमारे आठवडा मिळतो. पत्रे सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच स्वीकारली जातात. सोबत मालमत्ता, कर्जे, शिक्षण व फौजदारी प्रकरणे यांचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्यातील एकही रकाना कोरा सोडू नये. अधिकाऱ्याने लक्षात आणून देऊनही तो कोरा राहिल्यास पत्र फेटाळले जाऊ शकते. राज्यघटनेवरील निष्ठेची शपथही छाननीच्या तारखेपूर्वी घ्यावी लागते. किरकोळ, तांत्रिक स्वरूपाच्या चुकीवरून पत्र नाकारू नये, असे कायदा सांगतो. परंतु अपुरे सूचक वा न घेतलेली शपथ यांना किरकोळ म्हणता येत नाही. अखेरच्या दिवशी धावपळ करणाऱ्यास दुरुस्तीसाठी अवसर उरत नाही.

हिशेबाची जबाबदारी

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा २०२२ मध्ये ९५ लाख रुपये ठरविण्यात आली. निवडणूक खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे लागते. निकालापासून ३० दिवसांत हिशेब सादर करणे विजयी व पराभूत दोघांवरही बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय त्यात कसूर झाल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. अल्प खर्च करणारा अपक्ष ‘हिशेब तो काय द्यावयाचा’ असे म्हणून स्वस्थ बसतो आणि पुढील निवडणुकीचा हक्क गमावतो.

शासकीय सेवकांना उमेदवाराचा निवडणूक, मतदान वा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करता येत नाही. परंतु मतदार यादी कोठे पाहावी, शपथ केव्हा घ्यावी, हिशेब कोणाकडे द्यावा, ही माहिती विचारणाऱ्या प्रत्येकास सारख्याच तत्परतेने सांगणे यात पक्षपात नाही. उमेदवाराचा जय-पराजय मतदारांनी ठरवावा. माहितीच्या अभावी तो कचेरीच्या दारातच ठरू नये.