स्ट्रिंग्ज वाजतात पायाने

कीबोर्डवर व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट वाजवणारे आपण सगळे पैसा ओततो तो सॅम्पलवर. स्टेजवर मात्र बहुतेक वेळा घात करतो तो पियानोला सरावलेला हात, हे अनुभवाने सांगतो. पियानोचा सूर उमटला की विझतच जातो; व्हायोलिनचा सूर गज फिरतोय तोवर वादकाच्या ताब्यात असतो. बऱ्याच सॅम्पलमध्ये पट्टीवरचा जोर फक्त सुराची सुरुवात ठरवतो, पुढचं काम पायाचं. म्हणून सस्टेनचा मोह सोडून एक्स्प्रेशन पेडल घ्या, मिडीचा ११ नंबरचा कंट्रोल. सूर हलका धरायचा, पायाने फुलवायचा आणि पट्टी सोडण्याआधी उतरवायचा. बासरीला तर श्वासाएवढीच ओळ द्या.

दुसरी खोड भरगच्च कॉर्डची. एका पट्टीमागे १४ व्हायोलिनं रेकॉर्ड केलेली असतील, तर ६ पट्ट्यांवर ८४ वाजू लागतात. खऱ्या वाद्यवृंदात तेच १४ जण सूर वाटून घेतात. दोन-तीन सूर पुरतात. त्यात सॅम्पलमध्ये मुरलेला रिव्हर्ब सभागृहाच्या घुमाऱ्यात मिसळला की सगळा चिखल होतो. कोरडं सॅम्पल घ्या, रिव्हर्ब साउंडवाल्यावर सोपवा. सूर मागे पडला की लॅपटॉपला दोष दिला जातो. पण ४४,१०० च्या रेटवर २५६ सॅम्पलचा बफर जेमतेम ६ मिलिसेकंद घेतो. खरा उशीर अनेकदा लेगाटो सॅम्पलच्या घडणीतच असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो सूर थोडा आधी सरकवता येतो, स्टेजवर नाही. द्रुत ठेक्याला चटकन बोलणारं साधं सॅम्पलच घ्यावं.

लोकांना एवढं कुठे कळतं, असं म्हणणारे भेटतात. दोष नेमका कुठे आहे ते श्रोता सांगणार नाही, पण गायकाचे शब्द बुडाले की त्याचं लक्ष उडतं. पट्टीच्या वाद्यावर मींड येत नाही, मग ही खटपट कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार. पेटीवरही तो होताच. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती अनेक वर्षं टिकली. तरी पेटी जगली, कारण चांगल्या पेटीवाल्याने सारंगीची नक्कल न करता गायकाचा दम ओळखून साथ केली. पिच व्हीलने मींडेचा भास होतो, तो एखाद्या जागेपुरताच ठेवावा. जिथे सारी चाल मींडेवर उभी आहे, तिथे बासरीवाला बोलवावा. त्याच्या मानधनाची तरतूद नसेल, तर ती ओळ बासरीच्या आवाजात न वाजवता साध्या पियानोवर वाजवावी.