काउंटी जेलच्या विस्ताराला विरोध करायचाय? खर्चाचा हिशेब आधी मांडा

अमेरिकेत घर घेतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांचा काउंटीशी संबंध येतो तो प्रॉपर्टी टॅक्स भरण्यापुरता. पण जेलही काउंटीच चालवते आणि ते वाढवलं की पैसे त्याच तिजोरीतून जातात. लांब मुदतीच्या शिक्षा भोगणारे कैदी बहुतेक राज्याच्या तुरुंगांत असतात. काउंटी जेलांमध्ये २०२२ च्या मध्याला देशभर जे लोक होते, त्यांतले सुमारे ७० टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. जामिनाचे पैसे नाहीत एवढ्याच कारणाने त्यांतले कितीतरी आत असतात. तेव्हा ‘जागा पुरत नाही’ असं कानावर आलं, की आत कोण आहे आणि का आहे, हे आधी विचारा.

समजा, काउंटीने १० कोटी डॉलरचे रोखे ४ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी काढले. वर्षाचा हप्ता जवळपास ५८ लाख डॉलर, आणि एकूण परतफेड १७ कोटींच्या वर. काउंटीच्या पत्रकात मात्र १० कोटीच दिसतात. तरीही बांधकामापेक्षा जेल चालवण्याचा खर्च जड असतो. पहाऱ्याची एक जागा आठवड्याचे १६८ तास भरलेली ठेवायची, तर ४० तासांच्या नोकरीने चार माणसं पुरत नाहीत. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाच तरी लागतात. अशा दहा जागा वाढल्या की पन्नास पगार, त्यांचा विमा आणि पेन्शन दरवर्षी आलंच. म्हणून काउंटीला नेमकं हेच विचारा: चोवीस तासांच्या नव्या जागा किती आणि त्यांचा वार्षिक खर्च किती? उत्तर लेखी घ्या.

आता तुमचा खर्च. नियम राज्यागणिक बदलतात; मी कॅलिफोर्नियाचे सांगते. बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. तिथे बोलायला पैसे लागत नाहीत. वेळ दोन-तीन मिनिटं मिळते, कधी एकच, म्हणून मुद्दा एकच न्या. सरकारी कागद जागेवर पाहणं फुकट, प्रती घेतल्या तर त्यांचाच खर्च, आणि अर्जाला १० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. कच्च्या कैद्यांची रोजची सरासरी, ते किती दिवस आत राहतात, आणि सल्लागार कंपनीचा ‘गरज’ अहवाल, हे तीन कागद आधी मागवा. लढाई बहुधा त्या अहवालातच ठरते, म्हणून तो मंजूर होण्याआधी पोहोचणं सर्वांत स्वस्त पडतं.

पैसा कसा उभा करणार, हेही पाहा. मतदारांपुढे जाणाऱ्या रोख्यांना दोन-तृतीयांश मतं लागतात. भाडेकराराच्या रोख्यांना मतदानच लागत नाही.

कोर्ट हा महागडा टप्पा. पर्यावरण कायद्याखालचा दावा मंजुरीची नोटीस दाखल झाल्यापासून ३० दिवसांतच करावा लागतो. दाव्याची फी काही शे डॉलर असते, पण वकिलाचा खर्च हजारोंच्या घरात सहज जातो. जनहिताचा दावा जिंकलात तर तो प्रतिपक्षाकडून मिळू शकतो. मात्र जे आक्षेप मंजुरीआधी नोंदवलेच गेले नाहीत, ते कोर्टात सहसा चालत नाहीत. म्हणून बोलून झालं तरी पत्र द्याच.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर बैठकीत बोला, पत्र लिहा. मत देता येत नाही, आणि उमेदवाराला देणगी देणं कायद्याने बंद आहे. मतदानाच्या प्रस्तावाच्या प्रचाराला पैसे देण्याआधी वकिलाला विचारा.

‘राज्याचं अनुदान परत जाईल’ ही धमकी हमखास येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरवायझर्सनी डिसेंबर २०१५ मध्ये राज्याचे ८ कोटी डॉलर समोर असताना नवं जेल एकमताने नाकारलं. अनुदानाने भिंती उभ्या राहतात, पगार काउंटीच देते. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने तर जेलच्या बांधकामाचा सुमारे १७० कोटी डॉलरचा करार ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केला. ठरलेला निर्णयही फिरतो.

शेजारच्या दोन घरांना सोबत घ्या आणि माहितीचा अर्ज याच आठवड्यात टाका.