घरगुती सौर ऊर्जा : आधी काम ठरवा, मग साधन घ्या



मिरची, पापड, धान्य वाळविताना आपण पिढ्यान्‌पिढ्या सौर ऊर्जाच वापरीत आलो आहोत. परंतु आता 'सोलर' म्हटले, की छपरावरील पॅनेलच डोळ्यांपुढे येते. सूर्यापासून उष्णता घेणे आणि वीज घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न समजल्यास गरज एक आणि खरेदी दुसरीच, असे होते.

१) सूर्यचूल : पेटीच्या सूर्यचुलीत स्वच्छ उन्हात डाळ-भात साधारण दोन ते तीन तासांत शिजतो. भांडी बाहेरून काळी असावीत, काच पुसलेली असावी व आरसा सूर्याकडे वळवावा. यात भाकरी किंवा फोडणी होत नाही. म्हणून नेहमीची चूल किंवा गॅस लागणारच. मात्र जळणाची बचत होते.

२) सौर बंब : तीन-चार माणसांच्या आंघोळीस १०० लिटरचा बंब पुरतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास नळ्यांत क्षार साचतात. त्यामुळे खरेदीपूर्वी पाणी तपासून घ्यावे.

३) सौर वाळवणी यंत्र : मेथी, मिरची, आवळा यांना धूळ, माशा व अवकाळी पावसापासून संरक्षण मिळते. ओली हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी, अन्यथा मालाला बुरशी येते.

४) सौर वीज : एक किलोवॅटच्या संचास सुमारे १० चौरस मीटर जागा लागते व स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यापासून चारएक युनिट वीज मिळते. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली थोड्या भागावर पडली, तरी उत्पादन बरेच घटते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. वीज मंडळाच्या तारेला जोडलेला, बॅटरी नसलेला संच पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून ही व्यवस्था असते. असा संच बिल कमी करतो. भारनियमनात दिवा लावीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेतील अनुदान तारेला जोडलेल्या संचांसाठीच आहे. रात्रीचा अंधार हीच अडचण असेल, तर बॅटरीसह लहान दिव्यांचा संच पाहावा.

तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी सरपण, गॅस व वीज यांवरील महिन्याचा खर्च वहीत मांडा. जेथे खर्च किंवा अडचण मोठी, तेथूनच सुरुवात करा.