ताप न येणारा आजार

समजा, तुमच्या घरी ८० वर्षांच्या आजी आहेत. काल संध्याकाळी त्या तुमच्याशी पत्ते खेळल्या. आज सकाळी मात्र त्या तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारतात, सकाळ की संध्याकाळ हे त्यांना उमगत नाही. कपाळाला हात लावला तर ताप नाही. घरची मंडळी म्हणतात, "वय झालं, असंच चालायचं." हा निष्कर्ष बरोबर आहे काय?

बहुधा नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आलेला गोंधळ म्हणजे निराळी अवस्था. डॉक्टर तिला 'डिलिरियम' म्हणतात. तिच्यामागे पुष्कळदा न्यूमोनिया, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, नाहीतर एखाद्या औषधाचा परिणाम असतो.

मग ताप का नाही? ताप जंतू आणत नाहीत, तो आपले शरीर निर्माण करते. पांढऱ्या पेशी रसायने सोडतात, मेंदूतील तापमान-केंद्र आपली पातळी वर नेते, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. म्हातारपणी या साखळीची प्रत्येक कडी मंदावते. शिवाय वृद्धांचे नेहमीचे तापमानही थोडे कमी असते. ज्यांचे ते ३६ अंश सेल्सिअस आहे, त्यांच्या बाबतीत ३७.३ अंश हीसुद्धा दखल घेण्याजोगी वाढ होय.

तहानेचेही तसेच. पाणी कमी झाले तरी तहान उशिरा लागते आणि मूत्रपिंडेही पाणी पूर्वीइतके राखू शकत नाहीत. हृदयविकाराचा झटकासुद्धा कधीकधी छातीत न दुखता, नुसती धाप किंवा थकवा घेऊन येतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा ऑक्सिजन त्याला लागतो. म्हणून बिघाड फुप्फुसात असला, तरी बोभाटा मेंदूत होतो. अशा गोंधळात आजी रात्री उठतात, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. रुग्णालयात नोंद होते अस्थिभंगाची; मूळ कारण मात्र दोन दिवसांपूर्वी सुरू झालेला न्यूमोनिया असू शकतो!

तुम्ही काय कराल? आजचा वार विचारा, आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायला सांगा. त्या स्वस्थ पडल्या असताना पुरे एक मिनिट श्वास मोजा. साधारणपणे ते १२ ते २० असतात. २५ च्या वर गेले तर तो धोक्याचा इशारा समजा. घेत असलेली सर्व औषधे बरोबर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा जीभ अडखळू लागली, तर क्षणभरही थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो.

करून पाहा : आजी-आजोबा बरे असताना सात दिवस, ठरावीक वेळी, त्यांचे तापमान आणि श्वासांची संख्या वहीत लिहा. 'नेहमीचे' काय हे ठाऊक असेल, तरच 'वेगळे' काय ते ओळखता येते. डॉक्टरांना त्या दिवशी हीच वही सर्वांत उपयोगी पडेल.