बर्फपेटीचा निचरा
प्रश्न : भातसा जलाशयातील मासळी बर्फपेटीतून मुरबाडच्या बाजारात नेतो. तळाची नळी तुंबून दुर्गंधी येते. काय करावे?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : वितळलेल्या बर्फाचे पाणी मासळीचे रक्त, चिकट स्राव व खवले घेऊन नळीच्या मुखाशी साचते, आणि दुर्गंधीचे मूळ तेच असल्यामुळे, तळाशी बांबूच्या कामट्यांची जाळी घालून पेटीस नळीच्या बाजूला किंचित उतार देण्याची तजवीज करावी. नळी सताड उघडी ठेवणे मात्र निखालस अपव्यय होय, कारण थंड हवा जड असल्याने खालूनच निसटते. नळीला बाहेर खोलगट वाकण दिले, की त्यात पाणी अडून हवेचा मार्ग बंद होतो. बाजार उठताच धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी सोडून बारीक ब्रश फिरवावा. तारेने टोचू नये, अस्तर फाटते.